भिंतीने केलेली तक्रार

माझा शांततेला विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणणारच, इचलकरंजीची बाई ही, हिला काय शांततेची किंमत! किंमत आहे. यंत्रमागांच्या गल्लीत वाढले मी. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे चोवीस माग चालायचे आणि ताटातलं वरण सारखं थरथरत असायचं. कविता पाठ करायची तर कानात बोटं घालून करायची. त्यामुळे निवांतनगरच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी मिळाली तेव्हा मला वाटलं, सुटले एकदाची.

निवांतनगर म्हणजे पुण्यापासून तासाभरावर, डोंगर कापून वसवलेलं नवं शहर. इथे कायमचं राहायचं तर आधी एक वर्ष ‘नवरहिवासी’ म्हणून काढावं लागतं. नव्या सुनेसारखं. वर्षभर चूक झाली नाही तर परवानगी पक्की, आणि घरातल्या कुणाच्या नावावर तीन तक्रारी मान्य झाल्या की त्या माणसाची परवानगी रद्द. बाकीच्यांनी राहावं, त्याने जावं.

आल्याआल्या ध्वनी प्राधिकरणाच्या वर्गात बसावं लागलं. शिकवणारे सबनीस म्हणून अधिकारी होते, इतकं हळू बोलायचे की सगळा वर्ग पुढे वाकून बसला होता. कुकर बिनशिट्टीचा हवा. मिक्सर अकरा ते बाराच लावायचा. गॅलरीतून खाली हाक मारायची नाही. आरतीला टाळ्या चालतील, घंटा नाही. तान्ह्या बाळाला माफी, पण दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच. मी हे सगळं मन लावून लिहून घेत होते आणि खिडकीबाहेर नव्या इमारतीसाठी खडक फोडायचं काम चाललं होतं. फळा थरथरत होता.

मी हात वर केला. “आणि हे?”

“तो विकास-ध्वनी. त्याला नियम लागू नाहीत,” सबनीस म्हणाले. “मान्यवरांचं हेलिकॉप्टर आणि प्रचाराचे भोंगे पण त्यातच येतात.”

“म्हणजे त्यांचा आवाज होत नाही?”

“होतो ना. पण तो उद्याच्या शांततेसाठी असतो.”

वर्गात कुणी हसलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता ही शांतता करतात कशी ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आवाज म्हणजे हवेचं पुढेमागे हलणं. झोपाळ्याला कुणी एका बाजूने ढकलतोय आणि त्याच क्षणी तुम्ही समोरून तेवढ्याच जोराने ढकललंत, तर झोपाळा जागचा हलत नाही. निवांतनगरच्या भिंती हेच करतात. प्रत्येक भिंतीत पातळ पत्रे बसवलेले आहेत. ते येणारा आवाज ऐकतात आणि त्याच्या नेमका उलटा आवाज सोडतात, की दोन्ही मिळून शून्य. मात्र त्यासाठी पुढची लाट कशी येणार हे भिंतीला आधी ओळखावं लागतं. घरघर, गुणगुण, इंजिनाचा धडधडाट हे खालच्या पट्टीतले संथ आवाज. त्यांच्या लाटा लांब, ठरलेल्या, त्यामुळे ते भिंत सहज पुसून टाकते. किंकाळी, शिट्टी, माणसाची अचानक मारलेली हाक मात्र तिच्या हातून निसटते.

जे निसटतं त्यासाठी मनगटावरचा पट्टा. पट्टा नाडी मोजतो. मोठा आवाज निसटला आणि त्याच वेळी शेजाऱ्याची नाडी एकदम चढली, की भिंत समजते याला त्रास झाला. मग ती स्वतःच त्याच्या वतीने तक्रार लिहून पाठवते. शेजाऱ्याला कळवतही नाही, उगाच आणखी मनस्ताप नको म्हणून! भिंतीला कान असतात हे आपण ऐकून होतो. इथल्या भिंतीला तोंडही आहे आणि ती चहाड्या करते.

पट्टा ऐच्छिक आहे. फक्त त्याच्याशिवाय लिफ्टचं दार उघडत नाही. आणि ज्या मजल्यावर कुणीच पट्टा घातलेला नसेल, सगळे गावाला वगैरे गेले असतील, तिथल्या भिंती वीज वाचवायला आपोआप झोपतात. पण असं कधी होत नाही.

आई गेल्यावर मी आण्णांना इथे घेऊन आले. आण्णा म्हणजे माझे वडील, बाळासो होगाडे. उभं आयुष्य माग चालवण्यात गेलं. मागावरच्या माणसाचे कान एका ठरावीक रीतीने जातात. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात: पाखरं, फोनची रिंग, बोलण्यातले स आणि श. खालचे संथ आवाज शेवटपर्यंत राहतात. म्हणजे आण्णांना जे ऐकू येत होतं, नेमकं तेच इथली भिंत पुसत होती. भिंतीच्या हातून जे निसटत होतं, ते त्यांना ऐकूच येत नव्हतं. दोन्हीकडून मिळून त्यांच्या वाट्याला काहीच राहिलं नाही. ही गोष्ट एवढ्या मोठ्या प्राधिकरणात एकाच्याही डोक्यात आली नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

पहिल्याच आठवड्यात, दुपारी जेवून आण्णा खुर्चीत पेंगले होते. मी घरीच होते. अचानक ते ताडकन उठले आणि भिंत हादरेल असे ओरडले, “बटन बंद करा रं! हात काढा!”

माझ्या हातातली बशी पडली.

“काय झालं आण्णा?”

“लाईट गेली न्हवं?” ते इकडेतिकडे बघत होते. “सगळं बंद पडलंय.”

हे तुम्हाला कळायचं नाही, पण मला कळलं. आमच्याकडे लोक आवाजाने जागे होत नाहीत, शांततेने होतात. वीज गेली की सगळे माग एकदम थांबतात. मागवाला त्या थांबलेल्या मागात हात घालून तुटलेले धागे जोडायला लागतो. बटन चालूच राहिलं आणि वीज आली, तर माग त्याच्या हातासकट चालू होतो. म्हणून शांतता पडली की पहिल्यांदा ज्याला जाग येईल त्याने ओरडायचं, बटन बंद करा, हात काढा. आण्णांच्या त्या ओरडण्याने कुणाकुणाची बोटं वाचली आहेत. इथे त्याची पहिली तक्रार झाली.

दुसरी आणि तिसरी झाली ती पेपरची. आमच्या कारखान्यात पाळी बदलताना एकजण पेपर मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे चहा पीत ऐकायचे. माग चालू असताना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचणारा माणूस गल्लीत एकच होता, आण्णा. ती सवय कशी जाणार! चार वाजता गॅलरीत बसून ते पेपर वाचायचे, पदरची मल्लिनाथी घालून. “मंत्री म्हणत्यात पाणी मुबलक हाय. आरं मग तुमच्या घरचं टँकर काय शोभंला हुबं केल्यात?” असं काहीबाही.

तिसऱ्या तक्रारीनंतर आण्णांचा पट्टा काढून घेतला गेला आणि सुनावणीची तारीख आली. तोवर आमच्या घराच्या भिंती पूर्ण ताकदीवर लावल्या गेल्या. आता मी शेजारी बसून आण्णांशी बोलले तरी माझा आवाज गादीत तोंड खुपसून बोलल्यासारखा येई. माझ्याच घरात, माझ्याच बापाशी! शेवटी आम्ही मागावरची भाषा काढली. कारखान्यात ऐकू येत नाही म्हणून लोक नुसते ओठ हलवून बोलतात. ती मला येत होती, आईने शिकवली होती. पण ती भाषा कामापुरती असते. जेवण झालं, सुताच्या कांड्या संपल्या, चहा आला. मनातलं त्या भाषेत कुणी बोलत नाही. आण्णा हळूहळू बोलायचेच थांबले. पेपर घडीसकट पडून राहू लागला.

एकदा मात्र ते ओठांनी म्हणाले, “कुणाला तरास झाला, नाव तरी सांग. जाऊन माफी मागतो.”

“नाव गुप्त असतं आण्णा. आणि भेटायला बंदी आहे.”

“माफी मागाय बंदी?” हे मात्र ते मोठ्याने म्हणाले. “चोर गेला तर गेला, हितं पाया पडणाराला धरत्यात व्हय?”

आणि तशीच टोपी घालून ते शेजारच्या दाराशी गेले. मी मागे धावले. पण तोवर त्यांनी बेल दाबलीही होती.

शेजारी मिराशीबाई राहतात. एकट्या, सत्तरी ओलांडलेल्या, हृदयाचा त्रास असलेल्या. त्यांची-माझी ओळख लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरती. दार उघडलं तर समोर हात जोडून आण्णा.

“बाईसाहेब, माझ्या वरडण्यानं तुमास्नी तरास झाला. चुकलं. पोटात घाला.”

मिराशीबाईंनी दार पूर्ण उघडलं. “त्रास? मला? अहो, पेपर का बंद केलात ते विचारायला मीच येणार होते! आजारी तर नाही ना तुम्ही?”

आण्णांना यातलं काही ऐकू गेलं नाही. मी ओठांनी सांगितलं.

मग बाईंनी आम्हाला आत घेतलं आणि सांगितलं. ग्रंथालयात सगळी नोकरी झाली. जन्मभर दुसऱ्यांना शू म्हणण्यात गेलं. नवरा गेल्यावर मुलाने इथे घर घेऊन दिलं, आईला शांतता हवी म्हणून. “दिवसभर मला माझे कान वाजताना ऐकू येतात गं. चार वाजता तुझ्या वडिलांचा आवाज आला की मी गॅलरीत खुर्ची ओढून बसायचे. त्या टँकरवर तर मी इतकी हसले, इतकी हसले, की ठसका लागला.”

“आणि तुमची नाडी चढली,” मी म्हणाले.

त्यांनी मनगटावरच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं. नाडी चढली हे पट्ट्याला कळतं. हसून चढली की रागाने, हे कळत नाही. माणूस खूश झाला तरी काळीज तसंच धडधडतं. प्राधिकरणाने धडधड मोजली आणि तिला त्रास असं नाव दिलं. आनंदाने नाडी चढेल असं या शहरात कुणाला वाटलंच नसावं.

मी रागाने लाल झाले होते, पण मनातून सुटल्यासारखंही वाटत होतं. आता काय, बाई सुनावणीत येऊन हेच सांगतील आणि मिटलं. इतकी भोळी होते मी!

सुनावणीला सबनीसच होते. त्यांचं हळू बोलणं आण्णांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं, ओठही धड हलत नव्हते. आण्णा टोपी मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले, आणि त्यांच्याविषयी आम्ही बोलत राहिलो. बाहेर खडक फोडणं चालूच होतं.

मिराशीबाईंनी सगळं सांगितलं. अगदी टँकरसुद्धा.

सबनीसांनी शांतपणे ऐकून घेतलं. “ताई, तुम्हाला त्रास झाला नाही असं तुम्हाला वाटतंय.”

“वाटत नाहीये. मला माहीत आहे.”

“पट्टा तसं म्हणत नाही. माणूस भिडेखातर काहीही बोलतो, शेजारधर्म असतो, दडपण असतं. नाडी खोटं बोलत नाही. म्हणून तर तक्रार मागे घ्यायची सोय नियमात ठेवलेली नाही. तुमच्याच रक्षणासाठी.”

“माझं रक्षण?” बाई उठून उभ्या राहिल्या. “मला विचारल्याशिवाय?”

“आणि होगाडे पीडिताला घरी जाऊन भेटले,” सबनीस मला म्हणाले. “ते प्रकरण आणखी गंभीर होतं. मी ते लावून धरत नाही, वडीलधारे आहेत म्हणून. रविवारपर्यंत त्यांची सोय करा. सोमवारी आमचा माणूस येईल.”

“कुठे सोय करू? तिकडे त्यांचं कुणी राहिलेलं नाही. कारखान्याच्या जागी गोदाम झालंय. आमची राहती खोली त्यातच गेली.”

“परिसरातल्या संरक्षित रहिवाशांच्या हिताचा आदेश आहे हा. मी तरी काय करणार?”

संरक्षित म्हणजे पट्टा घातलेले. ओरडावंसं वाटत होतं, पण माझ्या नावावरही नोंद झाली तर आण्णांचं बघणार कोण, म्हणून गिळलं. लाज वाटावी असं शहर आहे हे. खडक फोडणारा मोकळा आणि पेपर वाचणाऱ्याला हद्दपारी. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

परत येताना आण्णांनी ओठांनी विचारलं, “काय म्हणाला त्यो?”

मी सांगितलं. त्यांनी टोपी नीट केली. “सोमवारी जातो. तुजी नोकरी नगं बुडाय.”

आज रविवारी चार वाजता मी त्यांची बॅग भरत होते. ते गॅलरीत बसले होते, पेपर न उघडता. आमच्या दोन गॅलऱ्यांमध्ये एक कठडा आहे, त्यावरून वाकलं तर पलीकडचा माणूस दिसतो. मिराशीबाई वाकल्या आणि त्यांनी कठड्यावर चार टिचक्या मारल्या. कठडा थरथरला, म्हणून आण्णांनी वर बघितलं.

बाईंनी मनगट पुढे केलं, पट्ट्याची कडी काढली आणि तो कठड्यावर ठेवला. हिरवा दिवा विझला.

मी बाहेर धावले. “काकू, अहो, तुमचं हृदय! काही झालं तर हा पट्टाच रुग्णवाहिका बोलावतो.”

“बोलावतो. पण ती येईपर्यंत माझ्यापाशी कोण असतं?” त्या आण्णांकडे वळल्या आणि एकेक शब्द स्पष्ट, सावकाश म्हणाल्या, “होगाडे, तुम्ही वाचा. मी हं म्हणत राहीन. माझे ओठ हलायचे थांबले तर याल ना?”

आण्णा त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होते. “भिंत फोडून यीन,” ते म्हणाले.

मोठ्याने म्हणाले. खणखणीत, मागावरच्या आवाजात. मग पेपर उघडला. एका पुलाचं तिसऱ्यांदा उद्घाटन होणार होतं, ती बातमी होती. आण्णांनी विचारलं की पुलाचं बारसं झालं, मुंज झाली, आता लगीन लावताय काय? मिराशीबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, मधेच पदर काढून ओठ हलवून दाखवत होत्या, हं.

मी माझा पट्टा काढला. तोही काकूंच्या पट्ट्याशेजारी कठड्यावर ठेवला.

पण आमच्या मजल्यावर आणखी दोन घरं होती. पलीकडचे देशपांडे गॅलरीत आले होते. नेहमी मान खाली घालून जाणारा माणूस. त्यांचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि आता नवी तक्रार लिहिली जात असणार हे मला कळत होतं. आण्णांनाही ते दिसलं. ते वाचायचे थांबले. उठले, कठड्याला धरून देशपांड्यांकडे वळले आणि आयुष्यभर ज्या काळजीने ओरडत आले त्याच काळजीने ओरडले, “बटन बंद करा रं! हात काढा!”

देशपांडे दचकले. त्यांनी आण्णांकडे, कठड्यावरच्या दोन विझलेल्या पट्ट्यांकडे आणि शेवटी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कडी काढली. आतून त्यांची बायको आली, तिने काही न विचारता आपलाही काढला. चौथ्या घरात एकटी राहणारी मुलगी आपल्या गॅलरीच्या दारातून बघत होती. ती म्हणाली, “मला कधीपासून काढायचाय हा,” आणि काढलाच.

थोडा वेळ काही झालं नाही. मग मजल्यावरच्या भिंती झोपी गेल्या.

आधी पाण्याच्या पंपाची घरघर आली. मग पंख्यांची. रस्त्यावरच्या गाड्यांची, लांब कुठेतरी खडक फोडणाऱ्या यंत्राची, देशपांड्यांच्या फ्रिजची. काहीतरी घोळदार, जाड, सगळीकडून एकदम आलेलं. मिराशीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. देशपांडे आपल्याच बायकोचं बोलणं नव्याने ऐकल्यासारखे तिच्याकडे बघत होते. ते दोघं किती मोठ्याने बोलतात ते मला आज कळलं.

आण्णांनी भिंतीला हात लावला. तळवा सपाट ठेवून, मागाच्या लाकडाला लावायचे तसा.

“आली बघ लाईट,” ते म्हणाले.

उद्या प्राधिकरणाचा माणूस येणार आहे. संरक्षित रहिवाशांच्या हितासाठी येणार आहे. या मजल्यावर आता संरक्षित कुणी नाही. तेव्हा तो कुणाच्या वतीने येतोय हे त्याने आम्हाला समोर उभं राहून, मोठ्याने सांगावं. मी दारातच उभी राहणार आहे. आणि मी ओरडणार आहे.

बॅग मी रिकामी केली. बाहेर येऊन बघितलं तर पेपर आण्णांच्या मांडीवर होता आणि इथे आल्यापासून पहिल्यांदाच ते त्या सगळ्या गोंगाटात, खुर्चीत बसल्या बसल्या, गाढ झोपले होते. पलीकडे मिराशीबाई हसल्या आणि आमच्या दोघींचं बोलणं सुरू झालं ते चालूच राहिलं, चांगलं मोठ्याने, आण्णांना जाग येऊ नये म्हणून.